पोलिओच्या मुलांसाठी झोळी घेणाऱ्या फातिमाबाई

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत दर वर्षी एका थोर स्त्रीचे चरित्र असते. जिजाऊमाता झाल्या, पुण्यश्लोक अहिल्याबाई झाल्या, सावित्रीबाई तर दोनदा झाल्या. ह्या वर्षी चरित्र लिहिण्याचे काम अध्यक्षताईंनी माझ्यावर टाकले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. लेखन म्हणजे किराणा मालाची यादी आणि माहेरची पत्रे, तीही आता फोनमुळे बंद झाली. तरी विचार केला की जिच्याविषयी आपल्या वाळूजमध्ये फारसे कोणी बोलत नाही अशा बाईंची ओळख करून द्यावी. त्यांचे नाव फातिमा इस्माईल. त्या मुंबईच्या. आपल्यासारखीच घर-संसाराची स्त्री, मात्र घरावर एक संकट आले आणि त्या संकटातून शेकडो परक्या मुलांची सोय झाली.

फातिमाबाईंचा जन्म १९०३ साली मुंबईस झाला. माहेर सोबानींचे, म्हणजे बडे गिरणीमालक घराणे. वडील हाजी यूसुफ सोबानी. बंधू उमर सोबानी हे स्वराज्याच्या चळवळीत पडलेले. होमरूल लीगचे काम ते करीत, आणि गांधीजींच्या हाती जे यंग इंडिया पत्र आले त्याच्या चालकांत ते होते. गिरणीमालकाच्या मुलाने स्वदेशीच्या बाजूने उभे राहणे त्या दिवसांत सोपे नव्हते. सरकारची गैरमर्जी म्हणजे धंद्यावरच घाव.

१९२१ साली लोकमान्यांच्या नावाने टिळक स्वराज्य फंड उभारण्याचे ठरले. ३० जूनपर्यंत एक कोटी रुपये जमवावयाचे होते. त्या काळचा कोटी रुपया! एक रुपयात घरचा किती बाजार येई हे आपल्या आजीला विचारावे. श्रीमंतांनी मोठ्या रकमा दिल्याच, पण बायकांनी अंगावरच्या बांगड्या उतरवून दिल्या, गिरणीकामगारांनी मजुरीतून दिले, आणि कोटीचा आकडा भरला. सर्वांत मोठा वाटा मुंबईचा होता. पुढे ३१ जुलैला परळ येथे सोबानींच्याच गिरणीच्या आवारात परदेशी कापडाची मोठी होळी झाली. फातिमाबाई तेव्हा अठरा वर्षांच्या होत्या. चांगल्या कामासाठी लोकांपुढे हात पसरण्यात कमीपणा नाही, हा धडा ज्या घरात मिळाला ते घर असे होते. माझ्या मते त्यांच्या पुढच्या आयुष्याची किल्ली येथेच आहे. उमर सोबानींना पुढे व्यापारात फार मोठी खोट बसली आणि १९२६ साली ते तरुणपणीच वारले.

फातिमाबाईंचे लग्न झाले. पती सरकारी अधिकारी होते. संसार सांभाळून त्या अखिल भारतीय महिला परिषदेचे काम करू लागल्या. ही परिषद १९२७ साली आपल्या पुण्यातच प्रथम भरली. मुलींचे शिक्षण, बालविवाहाची बंदी, गरीब बायकांना हाताला काम असे तिचे विषय असत. १९४२ च्या चळवळीत जे कार्यकर्ते भूमिगत झाले होते, त्यांना मदत करणाऱ्यांतही त्या होत्या. नवरा सरकारी चाकरीत आणि बायको असे काम करते! घरात काय धाकधूक असेल ह्याची कल्पना आपणच करावी.

येथपर्यंतचे आयुष्य पुष्कळ सुशिक्षित घरांतील स्त्रियांचे असते तसेच म्हणता येईल. खरी गोष्ट १९४५ सालापासून सुरू होते. त्यांची धाकटी मुलगी त्या वेळी तीन वर्षांची होती. तिला ताप आला आणि पायांतली शक्ती गेली. पोलिओ झाला होता.

येथे थोडे थांबून ह्या रोगाविषयी लिहिते, कारण आपल्या मंडळातील नव्या सुनांनी तो पाहिलेला नाही, आणि ही फार चांगली गोष्ट आहे. माझ्या लहानपणी मात्र प्रत्येक गावात अशी दोन-तीन मुले असत. माझे माहेर वैजापूर तालुक्यात. आमच्या आळीत एक मुलगा होता, तो दोन्ही हात जमिनीवर टेकून, हातांत रबरी चपला घालून पुढे सरके. शाळेच्या ओट्यापर्यंत येई आणि पायरीशी थांबे. पायरी चढवून कोणी वर घेतले तर वर्गात बसे, नाही तर तेथूनच पाढे म्हणे. पाढे त्याचे आम्हा सर्वांपेक्षा पक्के होते. त्याच्या पायातून वारे गेले असे मोठी माणसे म्हणत. कोणी सांगे बाहेरची बाधा, कोणी म्हणे आईने पथ्य पाळले नाही, आणि पुष्कळ जण म्हणत की तापात सुई टोचली म्हणून पाय गेला. आईवर बोल येई तो वेगळाच.

खरे कारण असे. पोलिओचा विषाणू तोंडावाटे पोटात जातो. आजारी मुलाच्या विष्ठेतून तो पाण्यात, हातांवर, माशांबरोबर अन्नावर येतो आणि दुसऱ्या मुलाच्या तोंडात जातो. बहुतेक मुलांना तर काहीच होत नाही, काहींना साधा ताप किंवा पोटाची तक्रार होऊन जाते. सुमारे दोनशेत एका मुलाच्या बाबतीत तो विषाणू पाठीच्या कण्यातील मज्जातंतूंपर्यंत पोहोचतो आणि स्नायूंना हुकूम देणाऱ्या पेशी मारून टाकतो. मेलेल्या पेशी परत येत नाहीत, आणि गेलेला पाय परत आणील असे औषध आजही निघालेले नाही. सुईच्या गोष्टीत मात्र थोडे तथ्य होते. अंगात विषाणू असताना दंडात किंवा कुल्ल्यात इंजेक्शन दिले तर त्याच अवयवाला लकवा होण्याचा संभव वाढतो, हे डॉक्टरांनी पुढे सिद्ध केले. सुईने रोग होत नसे. तो आधीच अंगात असे. म्हणजे आमच्या आळीतल्या म्हाताऱ्या अगदीच खोटे बोलत नव्हत्या, पण त्यांनी बोल मात्र चुकीच्या माणसावर ठेवला.

तर १९४५ साली फातिमाबाईंच्या पदरी हे दुःख आले. त्या वेळी आपल्या देशात पोलिओच्या मुलांसाठी वेगळे रुग्णालय नव्हते. पाय गेला म्हणजे गेला, मुलाचे नशीब, असेच सर्वत्र मानीत. फातिमाबाईंनी ते मानले नाही. मद्रासला डॉ. एम. जी. किणी नावाचे हाडांचे नामांकित सर्जन होते. मुलीला घेऊन त्या तेथे गेल्या आणि डॉक्टरांनी तिला हाती घेईपर्यंत आग्रह सोडला नाही. काही महिने मद्रासलाच राहिल्या. नंतर पुण्यास आल्या. पुण्यास दुसऱ्या महायुद्धात जायबंदी झालेल्या सैनिकांसाठी व्यायाम, मालीश व शेक देऊन हातपाय पुन्हा कामाला लावण्याची सोय झाली होती. ती सैनिकांसाठी होती, पोरासोरांसाठी नव्हे. तेथेही त्यांनी मुलीसाठी उपचार मिळविले.

ह्या उपचाराचे वर्म मी समजून घेतले तसे सांगते. मेलेल्या पेशी जाग्या होत नाहीत, पण सगळ्याच पेशी मेलेल्या नसतात. ज्या उरल्या आहेत त्यांच्याकडून काम करून घ्यावयाचे. पूर्वी लकवा झालेल्या मुलाचा पाय महिनोन्महिने फळीला किंवा प्लास्टरमध्ये बांधून ठेवीत, त्यामुळे उरलेले स्नायूही आखडून जात. ऑस्ट्रेलियातील एलिझाबेथ केनी नावाच्या परिचारिकेने ह्याच्या उलट रीत काढली. गरम पाण्यात बुडवून पिळलेल्या लोकरी पट्ट्यांनी शेक द्यावा, दुखणे कमी झाले की पाय हळूहळू हलवावा, मुलाकडून हालवून घ्यावा. मोठमोठ्या डॉक्टरांनी आधी तिची टिंगल केली, पण अमेरिकेत १९४० नंतर तिची रीत पसरली. पाय फार अशक्त राहिला तर लोखंडी पट्ट्यांचा आधार, ज्याला कॅलिपर म्हणतात, तो बांधून मुलाला उभे करावयाचे. कॅलिपर एकदा करून भागत नाही. मूल वाढते तसा तो बदलावा लागतो. म्हणजे उपचार दोन-चार दिवसांचा नाही, वर्षांचा. रोज व्यायाम, रोज शेक, आणि ते करणारे शिकलेले हात. आईची माया पुरत नाही, पैसा लागतो.

येथे फातिमाबाईंच्या लक्षात जे आले ते मला ह्या चरित्रातले सर्वांत मोठे वाटते. त्या मद्रासला जाऊ शकल्या. पुण्यास बिऱ्हाड करू शकल्या. डॉक्टरांच्या दारात उभ्या राहिल्या तर डॉक्टरांना त्यांचे माहेर ठाऊक होते. परळच्या चाळीतल्या गिरणीकामगाराच्या बायकोने काय करावे? तिचेही मूल तीनच वर्षांचे. आपल्या मुलीचे भागले म्हणून पुष्कळ बायका देवाला नारळ फोडून घरी बसल्या असत्या, आणि त्यांना कोणी नाव ठेवले नसते. फातिमाबाई बसल्या नाहीत.

१९४७ साली त्यांनी मुंबईस पोलिओच्या मुलांसाठी उपचारकेंद्र सुरू केले. स्वतःची जागा नव्हती. डॉ. अ. वा. बाळिगा हे त्या वेळचे मोठे सर्जन आणि राष्ट्रीय वृत्तीचे गृहस्थ. त्यांनी चौपाटीवरील आपल्या दवाखान्यात जागा दिली. ते साल आठवावे. देशाची फाळणी होत होती, गावोगाव रक्तपात चालला होता, माणसे एकमेकांची घरे जाळीत होती. अशा वेळी मुंबईत एक मुसलमान बाई आणि एक हिंदू सर्जन मिळून मुलांच्या पायांना शेक देण्याचे काम काढतात. मूल कोणाचे हे विचारण्याची गरज दोघांनाही वाटली नाही.

अपंग मुलांच्या पुनर्वसनासाठी एक संस्था त्याच साली स्थापन झाली. सोसायटी फॉर द रिहॅबिलिटेशन ऑफ क्रिपल्ड चिल्ड्रेन असे तिचे लांबलचक इंग्रजी नाव. आता ते शब्द कानाला बरे वाटत नाहीत, पण त्या काळी तेच चालत. पैसा देणग्यांतून यावयाचा होता. सरकार नवे, तिजोरीत खडखडाट, आणि निर्वासितांचे लोंढे चालूच. मुलांच्या पायांसाठी कोण विचारतो? ज्यांच्या घरात तो रोग शिरला नाही त्यांना त्याचे महत्त्व पटवून द्यावे लागे. वर्गणी मागणाऱ्याचे अर्धे काम हेच असते, हे आपल्यापैकी ज्यांनी गणपतीची किंवा हरिनाम सप्ताहाची वर्गणी मागितली आहे त्यांना सांगावयास नको.

हे काम आपल्याकडे होत असता तिकडे अमेरिकेत काय चालले होते तेही सांगते, कारण तेथे बायकांनी केलेले काम वाचून मी चकित झाले. त्यांचे अध्यक्ष रूझवेल्ट यांना १९२१ साली, एकोणचाळीसाव्या वर्षी, पायांचा लकवा झाला होता. त्यांनी १९३८ साली ह्या रोगासाठी एक राष्ट्रीय निधी काढला. प्रत्येकाने एक डाइम, म्हणजे त्यांच्याकडचे दहा सेंटचे बारीक नाणे, पाठवावे अशी विनंती रेडिओवरून झाली. अध्यक्षांच्या घरी पाकिटांचा असा पाऊस पडला की रोजची टपाल निवडणे मुश्कील झाले. लाखो नाणी जमली. पुढे १९५० च्या जानेवारीत फिनिक्स नावाच्या शहरात मातांनी ठरविले की एका संध्याकाळी एक तास सर्वांनी मिळून घरोघर जावयाचे. ज्यांना वर्गणी द्यावयाची असेल त्यांनी ओसरीवरचा दिवा लावून ठेवावा. दिवा दिसला की दार वाजवावयाचे, नाही दिसला तर पुढे जावयाचे. कोणाला आग्रह नाही, कोणाची लाज जात नाही. एका तासात हजारो डॉलर जमले, आणि पुढे ही पद्धत त्या साऱ्या देशात पसरली. मला ही युक्ती फार आवडली. आपल्याकडे वर्गणी मागताना दारातल्या माणसाचे तोंड पाहून आपलेच तोंड उतरते. दिव्याने ते काम किती सोपे केले!

त्या नाण्यांतूनच डॉ. जोनास साल्क यांच्या संशोधनाला पैसा मिळाला. १९५४ साली सुमारे १८ लाख मुलांना घेऊन लसीची परीक्षा झाली, आणि १२ एप्रिल १९५५ रोजी लस गुणकारी असल्याचे जाहीर झाले. त्या दिवशी रूझवेल्ट यांना जाऊन बरोबर दहा वर्षे झाली होती. साल्क यांनी त्या लसीवर आपला हक्क लावून पैसा मिळविला नाही. काही वर्षांनी डॉ. अल्बर्ट सेबिन यांनी तोंडाने द्यावयाची लस काढली. आपण बूथवर जे दोन थेंब देतो ते सेबिन यांचे.

मुंबईकडे परत येऊ. १९४९ साली मुंबईत पोलिओची मोठी साथ आली. ह्या रोगाच्या संशोधनासाठी मुंबईत एक केंद्र त्याच वर्षी निघाले. पुढे ते परळला हाफकिन संस्थेच्या आवारात होते. फातिमाबाईंच्या कामाचाही व्याप वाढला. हाजी अलीजवळ मुलांचे अस्थिरुग्णालय उभे राहिले. समुद्राच्या बाजूला, मोकळ्या हवेत, मुले लोखंडी पट्ट्या बांधून एकेक पाऊल टाकण्यास शिकू लागली. १९५५ साली त्याच भागात संयुक्त राष्ट्रसंघाच्या साहाय्याने अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था निघाली. एका आईने उसन्या जागेत सुरू केलेल्या कामाच्या आसपास आता सरकारी संस्थाही आली होती.

मुले मोठी होतात. पायावर उभे राहिले तरी पोटाचे काय? कॅलिपर लावलेल्या तरुणाला कारखान्यात कोण घेणार, मुलीला स्थळ कोण देणार? ह्याकरिता फातिमाबाईंनी फेलोशिप ऑफ द फिजिकली हँडिकॅप्ड ही दुसरी संस्था काढली. तेथे अपंग माणसांना काम शिकवीत, त्यांच्या हातून वस्तू करवून विकीत आणि त्यांना त्यांचा मेहनताना मिळे. ह्या संस्थेविषयी मला फार कौतुक वाटते. औषधपाणी करणारे पुष्कळ भेटतात. रोगी बरा झाल्यावर, किंवा बरा न होताच घरी गेल्यावर, त्याच्या भाकरीचा विचार करणारे थोडे. आमच्या आळीतला तो पाढे म्हणणारा मुलगा पुढे घड्याळदुरुस्ती शिकला. शिकविणारा भेटला म्हणून शिकला. न भेटणाऱ्यांची संख्या मोठी असे.

१९५८ साली भारत सरकारने फातिमाबाईंना पद्मश्री दिली. १९७८ साली राष्ट्रपतींनी त्यांना राज्यसभेवर नेमले. निवडणूक न लढविता, देशासाठी विशेष काम केलेल्या बारा जणांना असे नेमतात. १९८४ पर्यंत त्या सभासद होत्या. वय तेव्हा ऐंशीच्या पुढे गेले होते. त्यानंतर थोड्याच वर्षांत त्यांचे देहावसान झाले.

एक गोष्ट त्यांना पाहावयास मिळाली नाही, ती म्हणजे आपल्या देशातून पोलिओचे उच्चाटन. त्यांनी जन्मभर केले ते लकवा झालेल्या मुलांचे काम. लकवा होऊच नये ह्यासाठीची मोठी लढाई त्यांच्या अखेरच्या काळात सुरू होत होती, आणि तीही वर्गणीवरच. रोटरी क्लबच्या सभासदांनी १९८५ साली जगातील सर्व मुलांना पोलिओची लस देण्यासाठी १२ कोटी डॉलर जमविण्याचे ठरविले. तीन वर्षांत त्याच्या दुपटीहून अधिक, म्हणजे २४ कोटी ७० लाख डॉलर जमले. हे कोणा एका राजाचे धन नव्हते. गावोगावच्या दुकानदारांनी, डॉक्टरांनी, मास्तरांनी आणि त्यांच्या घरच्या बायकांनी जमविलेले होते. १९८८ साली जागतिक आरोग्य सभेने जगातून हा रोग नाहीसा करण्याचा ठराव केला. त्या वेळी १२५ देशांत वर्षाला साडेतीन लाख मुलांना लकवा होत होता.

आपल्याकडे देशभर पल्स पोलिओचा पहिला दिवस ९ डिसेंबर १९९५ रोजी झाला. ही लढाई कशी असते ते मी थोडे जवळून पाहिले आहे. गेली कित्येक वर्षे मी आमच्या अंगणवाडीताईंबरोबर बूथवर बसते. वाळूज म्हटले की कारखाने. कारखाने म्हटले की बिहार, उत्तर प्रदेश, आणि आपल्याच जालना-परभणीकडून आलेली बिऱ्हाडे. आज ह्या खोलीत, उद्या त्या. मुलांची नावे कोणत्याच यादीत नसतात. बूथवर येतील ती मुले सोपी. अवघड काम दुसऱ्या दिवशीचे, घरोघर फिरण्याचे. वीटभट्ट्या, ऊसतोडीच्या कोप्या, छोट्या पंढरपुरात यात्रेला आलेली कुटुंबे, सगळीकडे जावे लागते. थेंब दिला की डाव्या हाताच्या करंगळीला शाई लावावयाची आणि दारावर खडूने खूण करावयाची. कुपीवर एक लहानसे चित्र असते, वर्तुळात चौकोन. आतला चौकोन पांढरा असेपर्यंत लस चांगली, वर्तुळाइतका गडद झाला की उष्णतेने बिघडली, टाकून द्यावयाची. मे महिन्याच्या उन्हात त्या चौकोनावर डोळा ठेवावा लागतो, बर्फाची पेटी सारखी झाकावी लागते. एखाद्या मुलाच्या हातापायातली शक्ती अचानक गेली तर त्याच्या शौचाचे दोन नमुने चौदा दिवसांच्या आत थंड पेटीतून प्रयोगशाळेत पाठवीत. मुंबईत ते परळच्या त्याच केंद्रात तपासले जात. ज्या परळमध्ये भावाच्या गिरणीच्या आवारात कापडाची होळी झाली होती, तेच हे परळ.

देशातील शेवटचा पोलिओचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावड्यास आढळला. ती दोन वर्षांची मुलगी होती. २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केले. जगातून मात्र तो अजून गेलेला नाही. पोलिओच्या मूळ विषाणूचे तीन प्रकार, त्यांपैकी दोन नाहीसे झाले. तिसरा अफगाणिस्तान व पाकिस्तानात अजून शिल्लक आहे, म्हणून आपल्याकडेही थेंब थांबलेले नाहीत.

ह्या शेवटच्या मुद्द्यावर आपल्या मंडळात गेल्या संक्रांतीला जी चर्चा झाली ती पुष्कळ जणींना आठवत असेल. हळदीकुंकवाला वाण न वाटता ते पैसे पोलिओच्या जागतिक निधीला द्यावेत अशी सूचना आली. रक्कम काही मोठी नव्हती. एका वहिनींनी विचारले की आपल्या गल्लीतल्या नळाला आठ-आठ दिवस पाणी नाही, आणि आपण दूरदेशच्या मुलांसाठी पैसे का पाठवावेत? त्यांचे म्हणणे मला अगदी तोडून टाकण्यासारखे वाटले नाही. ज्या घरात पाणी नाही तेथे रोग आधी शिरतो, हे वर लिहिलेच आहे. दुसऱ्या एका काकूंनी सांगितले की त्यांच्या नणंदेचा मुलगा पोलिओचा आहे, त्याला चाकाची खुर्ची हवी आहे, आधी ती घ्यावी. मी त्या दिवशी निधीच्या बाजूने बोलले आणि आजही त्याच बाजूची आहे. विषाणूला सरहद्द ठाऊक नाही, एक मूल जेथे आजारी आहे तेथून तो कोठेही जाऊ शकतो, आणि तो शेवटचा थेंब पोहोचला नाही तर आमची बूथवरची इतक्या वर्षांची पायपीट वाया जाईल. पण फातिमाबाईंचे चरित्र वाचल्यावर काकूंच्या खुर्चीलाही मला नाही म्हणवत नाही, कारण त्यांनी जन्मभर केले ते खुर्चीचेच काम. पैसे अजून मंडळाच्या खात्यावर आहेत. वर्धापनदिनानंतरच्या सभेत विषय पुन्हा येणार आहे. सर्वांनी यावे, आणि ज्यांचे मत वेगळे आहे त्यांनी तर अवश्य यावे.

हाजी अलीचे ते मुलांचे रुग्णालय आजही आहे. २०१७ साली तेथे नवी मोठी इमारत झाली, आणि आता पोलिओखेरीज मुलांच्या इतर आजारांवरही तेथे उपचार होतात. १९४७ सालच्या त्या संस्थेचेच हे रुग्णालय. आपल्याकडे मुलाच्या हाडांची किंवा पायांची तक्रार असेल तर आधी संभाजीनगरला घाटीत दाखवावे. तेथून मुंबईस जावयास सांगितले तर रेल्वेने दादरला उतरून लोकलने महालक्ष्मी स्टेशन गाठावे. तेथून हाजी अली फार दूर नाही, मूल कडेवर असेल तर मात्र टॅक्सी करावी.